लिहिणारा हात कोणाचा? प्रौढ साक्षरता, यंत्रे आणि सहलेखन यांचा एक मागोवा

कोलकात्याच्या पूर्वेला, पूर्वीच्या शेतजमिनींवर आणि पाणथळ प्रदेशावर गेल्या पंचवीसएक वर्षांत उभ्या राहिलेल्या न्यू टाउन या नगरात माझे सध्या वास्तव्य आहे. रुंद रस्ते, काचेच्या इमारती आणि संगणक कंपन्यांची विस्तीर्ण आवारे ही या नगराची ओळख. या इमारती बांधणारे गवंडी आणि त्यांत स्वयंपाकपाण्याला येणाऱ्या स्त्रिया मात्र आसपासच्या चोवीस परगण्यांतील खेड्यांतून येतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांचा अक्षराशी संबंध सहीपुरताच असतो.

आमच्या इमारतीत काम करणाऱ्या अशाच एका प्रौढ बाईंना प्रवेशपत्रासाठी अर्ज द्यायचा होता. माझे बंगाली लेखन अडखळत चालते, म्हणून मी भ्रमणध्वनी त्यांच्यासमोर धरला आणि बोलायला सांगितले. त्या आपल्या गावच्या बोलीत ‘आमागो’ म्हणाल्या. पडद्यावर ‘आमादेर’ उमटले. दोहोंचा अर्थ एकच, ‘आमचे’. पण पहिला शब्द त्यांच्या घरातला आणि दुसरा पुस्तकातला. मी मजकूर वाचून दाखवला तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “हे मी बोललेच नाही. पण असू दे. तुमचा फोन शिकलेला आहे.”

शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे असा निरोप आला तेव्हा हे वाक्य मनात घोळत होते. प्रौढ साक्षरतेचा इतिहास आपण बहुधा टक्केवारीत मोजतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के आणि पश्चिम बंगालची ७६.२६ टक्के होती, हे आकडे आपण सांगतो आणि थांबतो. परंतु अक्षर ओळखणे ही एक गोष्ट आणि आपले म्हणणे आपल्या शब्दांत कागदावर आणता येणे ही दुसरी. उशिरा अक्षराकडे वळलेल्या माणसांनी इतरांच्या सोबतीने स्वतःचे लेखन करावे, यासाठी आपल्या समाजाने वेळोवेळी कोणती साधने वापरली, आणि त्या साधनांनी बोलणाऱ्याचा शब्द राखला की बदलला, एवढ्याच प्रश्नाचा मागोवा येथे घ्यायचा आहे.

लेखनिकांची परंपरा

मराठी वाङ्मयाच्या आरंभीच दोन माणसे दिसतात : एक बोलणारा आणि एक लिहिणारा. ज्ञानेश्वरांनी नेवाशास गीतेवरील भाष्य सांगितले आणि सच्चिदानंद बाबांनी ते लिहून घेतले, ही परंपरा आपण शाळेत शिकलो. त्या ग्रंथाचे वर्ष शके १२१२. त्याच शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी त्यांना पाहिले, ऐकले होते त्या अनेकांकडून मिळवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ एका अर्थाने सामुदायिक लेखनाचेच फळ आहे. सांगणारे अनेक, लिहिणारा एक, आणि तरीही सांगणाऱ्यांची बोलण्याची ढब त्यात टिकून राहिली. देहूच्या तुकोबांच्या अभंगांशी संताजी तेली जगनाडे यांचे नाव जोडलेले आहे तेही लेखनिक म्हणूनच.

या परंपरेचे सर्वांत जवळचे उदाहरण खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांचे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करताना त्यांना सुचलेल्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि एक आप्त यांनी टिपून ठेवल्या. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या आणि १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने, त्यांची गाणी ग्रंथरूपाने आली. सोपानदेव स्वतः कवी होते. आईच्या ओळी नागर मराठीत आणून ठेवणे त्यांना सहज जमले असते. त्यांनी तसे केले नाही, खानदेशी बोली जशीच्या तशी ठेवली, म्हणून आज आपल्याला बहिणाबाई ऐकू येतात. लेखनिकाचा खरा गुण कोणता, हे या एका गोष्टीत स्पष्ट होते.

न वाचलेला कागद

सगळे लेखनिक असे नव्हते. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी कागद ही अनेकदा भयाची वस्तू होती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. त्यांचा रोख प्रामुख्याने हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे यांच्यावर होता. जेथे जेथे हा उठाव पसरला तेथे तेथे रोखे हिसकावून जाळण्यात आले. आपल्या अंगठ्याच्या वर काय लिहिले आहे हे ठाऊक नसलेल्या माणसांनी तो कागदच नाहीसा केला. सरकारने नेमलेल्या आयोगाच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात शेतकऱ्याने करून द्यायचे दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत अशी तरतूद होती. लिहिणारा हात आणि अंगठा देणारा हात यांच्यामध्ये कोणीतरी साक्षीदार असला पाहिजे, एवढे तरी राज्यकर्त्यांनी मान्य केले.

महात्मा फुले यांनी या प्रश्नाचे मूळ त्याआधीच ओळखले होते. १८५५ साली त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात दिवसभर राबणाऱ्या प्रौढांसाठी रात्रशाळा सुरू केली. पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी निरक्षर शेतकरी कागदपत्रांच्या व्यवहारात कसा नागवला जातो त्याचे वर्णन केले. योगायोग असा की बंगालमध्ये त्याच १८५५ साली ईश्वरचंद्र विद्यासागरांचे ‘वर्णपरिचय’ प्रसिद्ध झाले. बंगाली अक्षरओळखीचा पाया घालणारे ते छोटे पुस्तक आजही कोलकात्याच्या फुटपाथवरील दुकानांत मिळते. उतारवयात विद्यासागर कर्माटाड येथे संथाळांच्या वस्तीत जाऊन राहिले तेव्हा त्यांनीही तेथे प्रौढांसाठी रात्रीचा वर्ग चालवला. पुण्यात आणि बंगालमध्ये दिवा लागला तो दिवसभराचे काम संपल्यानंतर, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. प्रौढांच्या शिक्षणाला वेळ मिळतो तो रात्रीचाच.

त्याच वर्षी आणखी एक घटना घडली. फुले यांच्या शाळेतील चौदा वर्षांची विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. मुक्ता प्रौढ नव्हती. पण जेथे आधीच्या कोणत्याही पिढीला अक्षर शिवले नव्हते अशा समाजातील ती होती, आणि शिक्षणाची जेमतेम तीन वर्षे तिच्या पाठीशी होती. तिच्या शिक्षकांनी तिला केवळ पाठ गिरवायला लावले असते तर हा निबंध निर्माण झाला नसता. तिला लिहू दिले गेले, आणि छापखान्याने ते लेखन वर्गाबाहेर पोहोचवले.

खिळे जुळवणारे हात

छापखान्याचा विषय निघाला की न्यू टाउनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला हुगळीच्या पश्चिम तीरावरील श्रीरामपूर आठवल्यावाचून राहत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते डेन्मार्कच्या ताब्यातील लहानसे गाव होते. तेथील मिशनच्या छापखान्यात विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० साली छापला गेला. व्याकरणासाठी देवनागरी खिळे वापरले होते, कोशासाठी मोडीचे. मराठी शब्द असे पद्धतशीरपणे छापले गेले ते मुंबई-पुण्यात नव्हे, तर बंगालमध्ये.

या कामात किती हात गुंतले होते ते पाहण्यासारखे आहे. कॅरी कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत. त्यांना साहाय्य करणारे वैजनाथ पंडित मराठी भाषक. खिळे पाडण्याची कला बंगाली कारागीर पंचानन कर्मकार यांनी श्रीरामपुरात आणली आणि त्यांचे जावई मनोहर यांनी ती पुढे चालवली. एकाला व्याकरणाची शिस्त ठाऊक, दुसऱ्याला भाषा जन्मतः अवगत, तिसऱ्याच्या हातात धातूचे कसब. आज आपण ज्याला सहलेखन म्हणतो त्याचा हा जुना नमुनाच होय. ग्रंथावर नाव मात्र एकाचेच आले. सामुदायिक लेखनातील हा पेच तेव्हापासूनचा आहे.

या शहराशी आणखी एका मराठी व्यक्तीचा ऋणानुबंध आहे. १८७८ साली वीस वर्षांच्या रमाबाई कोलकात्यात आल्या आणि येथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी मुक्तिसदन उभारले. १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो स्त्रिया आणि मुली तेथे आल्या. रमाबाईंनी त्यांच्यासाठी शेती, विणकाम अशा व्यवसायांबरोबर छापखानाही चालवला. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी बायबलचे मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून मराठी भाषांतर केले, आणि साध्या स्त्रीलाही समजेल अशी मराठी त्यात यावी हा त्यांचा आग्रह होता. १९२२ साली रमाबाई गेल्या. दोन वर्षांनी तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याची छपाई मुक्तिसदनातील स्त्रियांच्या हातून झाली.

या घटनेचा धार्मिक अर्थ बाजूला ठेवला तरी शिक्षणाच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे. खिळे जुळवणारीला प्रत्येक अक्षर उलटे वाचावे लागते, काना-मात्रा वेगळा उचलावा लागतो, ओळीचा ताळा जमवावा लागतो. ज्यांना समाजाने वाचण्यापासूनही दूर ठेवले होते त्यांच्या हाती अक्षर घडवण्याचे यंत्र आले. यंत्र ज्याच्या ताब्यात, त्याचे अक्षराशी नाते बदलते, हा धडा केडगावने दिला.

मोहिमांचा काळ

स्वातंत्र्यानंतर प्रौढ शिक्षणाची सूत्रे शासनाकडे आली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या आगेमागे, १९५९ साली, सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि नंतर ती राज्यभर पसरली. या मोहिमेचे वैशिष्ट्य असे की साक्षर करायचे ते एकेका व्यक्तीला नव्हे, तर संपूर्ण गावाला. गावातील शिक्षक, शिकलेली मुले आणि कार्यकर्ते रात्री वर्ग घेत, आणि गाव साक्षर झाला की ग्रामगौरव समारंभ होई. आपली शाळा उभी राहिली ती याच वातावरणात. शाळेच्या पहिल्या पिढीतील अनेकांच्या घरी आईवडील कंदिलाच्या उजेडात मुलांच्याच पाटीवर अक्षरे गिरवत असतील.

मे १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झाले. १९९० साली केरळमधील एर्नाकुलम हा देशातील पहिला पूर्ण साक्षर जिल्हा म्हणून घोषित झाला, आणि त्या धर्तीवर महाराष्ट्रात सिंधुदुर्ग, वर्धा, पश्चिम बंगालमध्ये वर्धमान, मेदिनीपूर अशा जिल्ह्यांत मोहिमा निघाल्या. सुमारे दोनशे तासांत पुरी होणारी तीन भागांची वाचनपुस्तिका हे तिचे प्रमुख साधन. या पुस्तिकांनी किती बळ दिले ते आंध्रातील नेल्लोर जिल्ह्याने दाखवले. दारूमुळे उद्ध्वस्त होणाऱ्या घराची कथा वाचनपाठात आली, ती वाचता वाचता दुबगुंटा गावच्या स्त्रिया आपल्याच घराविषयी बोलू लागल्या आणि त्यांनी गावातील दारूविक्री बंद पाडली. ती चळवळ जिल्ह्याबाहेर गेली आणि १९९३ साली राज्य सरकारला अरक या गावठी दारूवर बंदी घालावी लागली.

तरीही एक उणीव होती. पाठ लिहिणारे तज्ज्ञ होते, गिरवणारे शिकाऊ. पुस्तिका कितीही चांगली असली तरी ती शिकणाऱ्याच्या हातात तयार होऊन येई. नेल्लोरच्या स्त्रियांनी जे केले ते पुस्तिकेच्या बाहेर जाऊन केले. आणि जेथे पुस्तिकेनंतर काही नव्हते, तेथे अक्षरे विसरली गेली. नवसाक्षर पुन्हा निरक्षर होतो ही तक्रार प्रत्येक मोहिमेनंतर ऐकू आली. ज्याच्याकडे लिहिण्याजोगे काही नाही, किंवा लिहिले तर वाचणारे कोणी नाही, त्याच्या हातातून लेखणी गळून पडणारच.

संगणक वर्गात आला

२००० सालच्या सुमारास टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने, फकीरचंद कोहली यांच्या प्रेरणेने, तत्कालीन आंध्र प्रदेशात संगणकाधारित साक्षरतेचा उपक्रम सुरू केला. साक्षरता अभियानाच्याच पुस्तिकांचा मजकूर चित्रे, हलत्या आकृती आणि आवाज यांच्या साहाय्याने पडद्यावर आणला गेला. सुटी अक्षरे आधी आणि शब्द नंतर हा क्रम सोडून ओळखीच्या शब्दापासून आरंभ केला. सुमारे चाळीस तासांत प्रौढाला साधे वृत्तपत्र वाचता यावे हे उद्दिष्ट होते. कचेऱ्यांनी बाजूला काढलेले जुने संगणकही या कामी चालत, आणि शिकवणारा प्रशिक्षित शिक्षकच असला पाहिजे अशी अट नव्हती. पुढे मराठी आणि बंगालीसह अनेक भारतीय भाषांत हे पाठ तयार झाले. याच कंपनीचे ‘गीतांजली पार्क’ हे मोठे आवार आज न्यू टाउनमध्ये आहे.

या उपक्रमाने वेळेचा प्रश्न सोडवला. दिवसभर काम करून आलेल्या माणसाला दोनशे तास देणे कठीण. चाळीस तास तो देऊ शकतो. पण येथेही भर वाचनावर होता आणि लेखन दुय्यम होते, हे त्याच्या आखणीतच होते. पडदा बोलत होता आणि माणूस ऐकत होता. संगणक हे ज्याच्यावर लिहिता येते, खोडता येते आणि अनेकांना एकत्र बसून मजकूर रचता येतो असे साधन आहे. या गुणाचा उपयोग व्हायचा होता.

तो उपयोग दुसरीकडे होत होता. उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकात ग्रामीण स्त्रिया गावचे हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पंपाची नोंदवही लिहायची म्हणून त्यांना अक्षराची गरज भासली आणि शिबिरे सुरू झाली. अक्षर आले तसे वाचायला काही हवे असे त्यांना वाटू लागले. आपल्या भागातील, आपल्या भाषेतील मजकूर कोठेच नव्हता, तेव्हा त्यांनी तो स्वतःच तयार केला. ‘महिला डाकिया’ या नावाचे, चित्रांनी सजवलेले पत्रक नवसाक्षर स्त्रिया एकत्र बसून लिहू लागल्या. हिंदी की बुंदेली हा वाद त्यांच्यात झाला आणि बुंदेलीला जागा मिळाली. या अनुभवातून ‘निरंतर’ या संस्थेच्या साहाय्याने २००२ साली चित्रकूट जिल्ह्यात ‘खबर लहरिया’ हे वृत्तपत्र निघाले. त्याच्या वार्ताहरांत दलित आणि अल्पशिक्षित स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. बातमी आणणे, लिहिणे, तपासणे आणि गावोगाव नेऊन विकणे ही सारी कामे त्याच करीत. २००९ साली युनेस्कोचा राजा सेजोंग साक्षरता पुरस्कार या कामाला मिळाला. पुढे या स्त्रियांनी कागद सोडून भ्रमणध्वनी हाती घेतला आणि चित्रफितींतून बातम्या देऊ लागल्या.

हस्तलिखित पत्रक, छापील वृत्तपत्र आणि भ्रमणध्वनी अशी तीन साधने बदलली. बदलले नाही ते एकत्र बसणे, काय लिहायचे ते आपण ठरवणे आणि आपल्या भाषेत लिहिणे. प्रौढ नवसाक्षरांच्या सहलेखनाचे आपल्या देशातील हे बहुधा सर्वांत बोलके उदाहरण असावे.

कळफलक आणि आवाज

आपल्या लिप्यांपुरते पाहिले तर यंत्राने प्रौढाची एक अडचण नकळत दूर केली आहे. जुन्या टंकलेखन यंत्रावर ‘कि’ उमटवायचा तर आधी ऱ्हस्व वेलांटी आणि मग ‘क’ दाबावा लागे, कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते. बंगालीत तर एकारही डाव्या बाजूस लागतो. बोलताना मात्र आधी ‘क’ येतो आणि मग ‘इ’. १९८० च्या दशकात भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने ठरवलेल्या ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकाने उच्चाराचा क्रम स्वीकारला : जसे बोलाल तसे दाबा, वेलांटी आपल्या जागी जाऊन बसेल. मराठीचा ‘क’ ज्या कळीवर, बंगालीचाही त्याच कळीवर. ज्याच्या बोटांना लेखणी वळत नाही पण ज्याचा कान तयार आहे अशा माणसाला हा क्रम जवळचा वाटतो.

ऑगस्ट २०१७ मध्ये गुगलने मराठी, बंगाली आणि इतर काही भारतीय भाषांसाठी बोललेला मजकूर लिहून घेण्याची सोय दिली, आणि सच्चिदानंद बाबांचे काम कोणाच्याही खिशातील यंत्र करू लागले. आता पाच-सहा जण एकत्र बसून एकाच मजकुरावर आपापल्या भ्रमणध्वनीवरून काम करू शकतात. कोणी बोलतो, कोणी वाचतो, कोणी चूक दुरुस्त करतो, आणि कोणी काय बदलले याची नोंद राहते. प्रौढांच्या वर्गासाठी ही मोठी सोय आहे. फळ्यावरील मजकूर पुसला जातो, हा राहतो. वहीतील खाडाखोड प्रौढाला लाजवते. येथे खोडल्याची खूण दिसत नाही, म्हणून चुकण्याची भीतीही कमी होते.

परंतु हा नवा लेखनिक सोपानदेवांसारखा नाही. तो ज्या भाषेवर तयार झाला ती बहुतांशी छापील, शहरी भाषा. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी किंवा चोवीस परगण्यांची बोली त्याच्या कानाला अनोळखी असते, आणि न कळलेल्या शब्दाच्या जागी तो ओळखीचा शब्द बसवतो. हे तो कपटाने करीत नाही. पण ज्याला वाचता येत नाही त्याच्या नावावर न बोललेला शब्द जमा होतो, तो होतोच. सुप्याच्या शेतकऱ्याचा प्रश्न वेगळ्या रूपाने पुन्हा समोर येतो : माझ्या नावाने काय लिहिले गेले हे मला कोण वाचून दाखवणार?

म्हणून यंत्रासोबत माणूस लागतोच, आणि तोही एकटा नव्हे. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात, फांगणे गावी, ८ मार्च २०१६ रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून साठी ते नव्वदीच्या आजी तेथे पाटीवर अक्षरे काढू लागल्या. तेथील साधन पाटी-पेन्सिलच; पण वर्ग सोबतीने भरतो, हे तिचे सामर्थ्य. केंद्र सरकारचा २०२२ ते २०२७ या काळासाठीचा ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमही स्वयंसेवकांवरच अवलंबून आहे. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी असलेल्या या कार्यक्रमाच्या चाचणीत वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० असे एकूण १५० गुण आहेत. लेखनाला वाचनाइतकेच स्थान मिळाले ही समाधानाची बाब. त्या पन्नास गुणांपलीकडे नवसाक्षराने काय लिहावे हे मात्र कोणताही कार्यक्रम ठरवू शकत नाही. ते त्याचे त्यानेच, आपल्या सोबत्यांसह, ठरवायचे आहे.

शाळेपुढील काम

या दीर्घ प्रवासातून मला तीन गोष्टी हाती लागल्यासारख्या वाटतात. पहिली, बोललेला शब्द आधी जसाच्या तसा उतरू द्यावा. शुद्धलेखनाची पाळी नंतर येते आणि तीही बोलणाऱ्याच्या संमतीने. दुसरी, लिहिलेले प्रत्येक वेळी मोठ्याने वाचून दाखवावे, आणि “हे मी बोललो नाही” असे म्हणण्याचा अधिकार शिकणाऱ्याला असावा. तिसरी, जे लिहिले ते छापावे, आणि त्यावर लिहिणाऱ्या सर्वांची नावे असावीत. वैजनाथ पंडितांचे जे राहून गेले ते आपल्याकडून राहू नये.

हे काम मराठी शाळेइतके सोयीने दुसरीकडे कोठे होऊ शकेल असे मला वाटत नाही. आपल्या वर्गखोल्या संध्याकाळी रिकाम्या असतात. माजी विद्यार्थ्यांकडे भ्रमणध्वनी आहेत आणि मराठी लिहिता येते. विद्यार्थ्यांच्या घरी अशा आज्या आणि आजोबा आहेत ज्यांना गावाच्या विहिरीचा, दुष्काळाचा, गिरणीचा, स्थलांतराचा इतिहास तोंडपाठ आहे, पण लिहिता येत नाही. नातवंडांनी त्यांच्यासोबत बसून तो लिहून घेतला, वाचून दाखवला, त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतला आणि शेवटी आजीने आपले नाव आपल्या हाताने त्याखाली लिहिले, तर आजीला अक्षर मिळेल आणि नातवंडाला बोली. घरात मराठी उरेल की नाही अशी काळजी आज अनेक पालक बोलून दाखवतात. तिच्यावर याहून चांगला उपाय मला सुचत नाही.

आमच्या वेळी प्रगतिपुस्तकाच्या शेवटच्या पानावर ‘पालकांची सही’ असा रकाना असे. वर्गातील कितीतरी जणांच्या त्या रकान्यात निळ्या शाईचा अंगठा असायचा. आपले गुण इतरांना अभिमानाने दाखवणारी मुले ते पान मात्र पटकन मिटून घेत. त्यांना लाज कशाची वाटत होती हे तेव्हा आम्हांला समजत होते. त्या आईवडिलांना काय सांगायचे होते ते मात्र आम्ही कधी विचारले नाही. साठ वर्षांत शाळेने त्यांच्या मुलांना लिहिते केले, याचे ऋण आम्ही सर्व माजी विद्यार्थी मानतो. अजूनही त्या पिढीतील काही जण आपल्यात आहेत. त्यांच्याशेजारी बसून, त्यांच्याच शब्दांत, त्यांच्यासह लिहायला अजून वेळ आहे.